खिशातला चाकू टोचतो, पडतो, नाहीतर घरीच राहतो: माप कुठे चुकतं?

जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा गावात आमचं ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान आहे. नळ्या, जॉइनर, व्हॉल्व्ह, पाण्याच्या मोटारीचे सुटे भाग हा मुख्य धंदा. काउंटरच्या काचेखाली एका खणात घडीचे चाकूही असतात, आणि घेतलेली वस्तू परत घेऊन येणारं गिऱ्हाईक सगळ्यात जास्त त्याच खणाचं. धार गेली म्हणून कुणी येत नाही, धार कुठेही लावून मिळते. येतात ते "भाऊ, हाऊ चाकू मांडीले टोचस, दुसरा दखाडा" असं म्हणत. कुणाच्या खिशाला भोक पडलेलं असतं, कुणाचा चाकू विहिरीवर वाकताना थेट पाण्यात गेलेला असतो. आणि बरेच जण तक्रार करतच नाहीत. त्यांचा चाकू टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये पडून असतो आणि शेतात सुतळी दातांनी तोडणं चालू असतं.

मग दुसरा घेतला जातो, तोही थोड्या दिवसांनी त्याच ड्रॉवरमध्ये जातो. कारण दुसऱ्या वेळीही निवड पहिल्यासारखीच झालेली असते, म्हणजे पातं उघडून.

पातं राहू द्या, मिटलेला चाकू मोजा

चाकू हातात दिला की माणूस आधी पातं उघडतो, अंगठ्याच्या नखावर धार बघतो आणि विचारतो, "किती इंची?" धार बघायला हरकत नाही. पण पातं दिवसभरात घटकाभर बाहेर येतं, बाकी सगळा वेळ खिशात असते ती मूठ. घडीच्या चाकूत पातं मुठीच्या पोटात मावायचं असल्यामुळे मूठ पात्यापेक्षा दोन-अडीच सेंटीमीटर लांब असतेच. म्हणजे "चार इंची पातं द्या" असं जो म्हणतो, त्याने खिशात पाच इंचांची वस्तू ठेवायची तयारी केलेली असते. त्याला ते सांगायला लागतं.

मोजायच्या गोष्टी तीन: मिटलेल्या चाकूची लांबी, जाडी आणि वजन. लांबी सगळे बघतात, जाडी जवळपास कुणीच बघत नाही, आणि माझ्या मते निम्म्या तक्रारींचं मूळ जाडीत आहे.

लाल मुठीचा स्विस चाकू सगळ्यांना माहीत आहे. व्हिक्टोरिनॉक्स कंपनी आपल्या चाकूंची मापं मिलिमीटरमध्ये सांगते: ५८, ८४, ९१, ९३, १११. ही मापं मिटलेल्या मुठीची आहेत, पात्याची नाहीत. हे चांगलं आहे, खिशाला कळेल अशा भाषेत आहे. पण ९१ मिलिमीटरच्या एकाच मापात स्पार्टन नावाचा चाकू आहे, तो साधारण दीड सेंटीमीटर जाड आणि ६० ग्रॅमच्या आसपास. त्याच लांबीत कात्री आणि करवत असलेला हंट्समन दोन सेंटीमीटरच्या थोडा पुढे जातो, वजन शंभर ग्रॅमला टेकतं. आणि त्याच ९१ मिलिमीटरचा स्विसचॅम्प ३३ मिलिमीटर जाड, १८५ ग्रॅमचा असतो. तिघं शेजारी आडवे ठेवले की लांबीला सारखे. खिशात घातले की पहिल्याचा विसर पडतो, दुसरा आहे हे कळत राहतं आणि तिसऱ्याने पॅन्ट एका बाजूला ओढली जाते. फोटो बघून ऑनलाइन मागवणारे इथेच फसतात, कारण फोटो बहुतेक वेळा समोरून काढलेला असतो, जाडी दिसतच नाही.

ओपिनेल हा लाकडी मुठीचा फ्रेंच चाकू हल्ली बरेच जण मागवतात. त्याचे नंबर पात्याच्या लांबीवर चालतात. आठ नंबरचं पातं सुमारे साडेआठ सेंटीमीटर, आणि मिटल्यावर चाकू होतो साधारण अकरा. वजनाला तो एकदम हलका आहे, त्यामुळे पॅन्ट ओढत नाही. पण गोल मूठ आणि अकरा सेंटीमीटर लांबी मोटारसायकलवर बसल्यावर काय करते, ते पुढे येतंच. रोजच्या खिशासाठी मी त्यातला सहा किंवा सात नंबर सुचवतो, आठ नंबर पिशवीत ठेवणाऱ्यांसाठी.

मांडीला टोचतो

ही मुख्य तक्रार, म्हणून जरा सविस्तर.

उभ्या माणसाच्या पॅन्टच्या पुढच्या खिशात कुठलाही चाकू बरा वाटतो. दुकानात आपण उभेच असतो, म्हणून घेताना काही कळत नाही. त्रास बसल्यावर सुरू होतो. बसलं की जांघेत घडी पडते, खिशाचं तोंड आवळतं आणि तळ मांडीवर बाहेरच्या बाजूला सरकतो. चाकू आखूड असेल तर तोही खिशाबरोबर फिरतो आणि मांडीच्या लांबीत आडवा होऊन पडतो. लांब असेल तर खिशाच्या आत त्याला फिरायला जागा मिळत नाही. तो तिरपा अडकतो, एक टोक जांघेच्या घडीत आणि दुसरं मांडीच्या वरच्या बाजूला. मोटारसायकलवर हे अजून वाढतं, कारण पाय वर आणि पसरलेले असतात, आणि वरून रस्त्याचा प्रत्येक खड्डा. चोपड्याहून यावलपर्यंत असा चाकू खिशात घेऊन गेलात तर उतरल्यावर जागा चोळायलाच लागते.

म्हणून चाकू घ्यायच्या आधी एक उपाय करा, फुकटातला आहे. सुताराकडून लाकडी पट्टीचा एक तुकडा घ्या, जो चाकू मनात आहे त्याच्या मिटलेल्या लांबी-रुंदी-जाडीचा. कडा गुळगुळीत करा आणि तो खिशात घालून रोजचा दिवस काढा. चार बैठकी बघायच्या: मोटारसायकलवर, ट्रॅक्टरच्या सीटवर, उकिडवं बसून आणि मांडी घालून. परदेशी मंडळी चाकूचं माप सांगतात तेव्हा खुर्ची आणि गाडीची सीट त्यांच्या डोळ्यासमोर असते. आपल्याला ठिबकची नळी जोडायला उकिडवं बसायचं असतं आणि लग्नाच्या पंगतीत मांडी घालून. मांडी घातल्यावर न टोचणारा चाकू बाकी कुठेच टोचत नाही, असं मला दिसलंय.

तुकडा टोचला तर आधी तो एखाद सेंटीमीटर आखूड करून बघा, मग जाडी तासा. कशाने फरक पडला ते लगेच कळतं. बहुतेक मध्यम बांध्याच्या माणसांना मिटून साडेआठ ते साडेनऊ सेंटीमीटर लांबी आणि दीड सेंटीमीटरपर्यंत जाडी सोसते. जाडीचा अंदाज हवा असेल तर आगपेटी आडवी धरून बघा, तिच्या उंचीच्या फार पुढे जाऊ नका.

आता चाकू घेऊन झालेला आहे, बदलायचा नाही, तर काय? तर शिंप्याकडे जा. खिशाच्या आत, बाहेरच्या शिवणीला लागून, चार-साडेचार सेंटीमीटर रुंदीचा उभा कप्पा मांजरपाटाचा शिवून घ्या. शर्टाला पेनासाठी असतो तसाच, फक्त आत. चाकू शिवणीच्या बाजूला उभा राहतो, जांघेकडे सरकत नाही. काम किरकोळ आहे आणि शिंपी हसतो, पण या कप्प्यानंतर तीच पॅन्ट आणि तोच चाकू घेऊन लोक वर्षानुवर्षं खूश आहेत. दहा सेंटीमीटरपर्यंतचे चाकू यात चालून जातात, त्यापुढचे नाही.

अजून एक कारण तपासा: त्याच खिशात मोबाइल आहे का? हल्लीचा मोबाइल पंधरा-सोळा सेंटीमीटरचा. तो खिशात असला की चाकूला हलायला जागाच उरत नाही, आणि दोघांची जाडी मिळून मांडीवर येते, काचेवर ओरखडे पडतात ते वेगळे. चाकू दुसऱ्या खिशात घाला. तिथे तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी असेल तर तो प्रश्न तुमचा तुम्ही सोडवा.

मागच्या खिशात चाकू ठेवूच नका. बसल्यावर अख्खं वजन त्याच्यावर येतं, मुठीच्या पट्ट्या सुटतात, आणि एसटीच्या सीटवरून तो कधी मागे सरकून पडला ते उतरल्यावर कळतं.

ट्रॅक पॅन्ट, लेंगा आणि सदरा

शेतात ट्रॅक पॅन्ट घालणारे आता भरपूर झालेत. इलॅस्टिकच्या कमरेला लांबी-जाडीपेक्षा वजन जास्त नडतं. शंभर ग्रॅमचा चाकू घालून पळत बांधावर चढलात की पॅन्ट एका हाताने धरायला लागते. साठ-सत्तर ग्रॅमच्या खाली राहा. खिशाला चेन असेल तर उत्तम.

सदऱ्याचा बाजूचा खिसा खोल आणि ढगळ असतो. त्यात चाकू तळाशी जाऊन लोंबतो आणि चालताना मांडीवर आपटत राहतो. इथे लहान चाकू घेऊनही उपयोग नसतो, तोही आपटतो, फक्त हळू. खिसा उथळ करून घ्या, किंवा आमच्याकडचे जुने लोक करतात तसं बंडीच्या आतल्या खिशात ठेवा. बंडीचा खिसा छातीलगत आणि अरुंद असतो, लहान चाकू त्यात हलत नाही.

बायकांच्या बाबतीत दुकानदार मंडळी विचारच करत नाहीत. साडीला खिसा नाही, पंजाबी ड्रेसला शिवला तर शिवला. चाकू जातो पर्समध्ये नाहीतर डब्याच्या पिशवीत. तिथे टोचण्याचा प्रश्न नाही, सापडण्याचा आहे. चाकू तळाशी जातो आणि हवा तेव्हा हाताला लागत नाही. अशा वेळी मापाने जरा मोठा, रंगाने भडक चाकू घ्यावा आणि मुठीच्या कडीला वीतभर गोफ बांधून तो पर्सच्या आतल्या चेनीला अडकवावा. आमच्या गिऱ्हाइकांत केळीच्या बागेत स्कर्टिंग बॅगा, म्हणजे घड झाकायच्या पिशव्या, बांधायला जाणाऱ्या काही ताई आहेत, त्या ओढणीच्या गाठीपेक्षा कमरेच्या छोट्या कापडी पिशवीत चाकू ठेवतात. दोन्ही हात मोकळे राहतात.

खिसा फाटतो

भोक तळाला पडलं असेल तर कारण टोकदार कड. चाकूच्या मागच्या बाजूला बूच काढायचा स्क्रू, कडी किंवा हुक असतो, तो अस्तराला घासत राहतो. अस्तर पातळ टेरिकॉटचं असेल तर काही दिवसांतच जातं. अस्तर मांजरपाटाचं करून घ्या आणि चाकू घेताना मूठ डोळे मिटून बोटांनी चाचपा. जे बोटाला लागतं ते अस्तराला लागणारच.

खिशाची वरची कड फाटत असेल तर कारण क्लिप. नव्या चाकूंना खिशाला अडकवायची पत्र्याची क्लिप असते. तिच्याखाली मुठीचा भाग खरखरीत ठेवलेला असतो, म्हणजे पकड यावी. रोज दहा वेळा काढ-घाल केली की तिथे कापड विरतं. क्लिपखालची जागा बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. तरी फाटत असेल तर स्क्रू काढून क्लिपच काढून टाका. मला स्वतःला क्लिप आवडत नाही. ती ट्रॅक्टरवर चढताना मडगार्डला अडकते, आणि खिशाबाहेर चमकणारी पट्टी बघून बाजारात दहा माणसं तुमच्या खिशाकडे बघतात.

पडतो, हरवतो

शर्टाच्या वरच्या खिशातला चाकू पडणारच, प्रश्न फक्त कुठे पडेल एवढाच. वाकून व्हॉल्व्ह फिरवताना पडला तर चिखलात, विहिरीच्या कठड्यावरून वाकताना पडला तर हिशेब संपला. वरचा खिसा वापरायचाच असेल तर चाकू चाळीस ग्रॅमच्या आत हवा आणि गोफ बटणाच्या काजात ओवलेला हवा.

किल्ल्यांच्या जुडग्यात चाकू अडकवण्याची पद्धत चांगली आहे, पण ५८ मिलिमीटरच्या मापापुरतीच. असा चाकू वीसेक ग्रॅमचा असतो. त्याहून जड चाकू मोटारसायकलच्या किल्लीला लोंबकळला की चालत्या गाडीत हँडलवर आपटत राहतो, रंग उडतो, किल्लीचं भोकही सैल होतं. काढता-घालता येणारी कडी वापरा: गाडी चालू करताना किल्ली वेगळी, चाकू खिशात.

जीन्सला उजवीकडे जो छोटा आतला खिसा असतो, तो या ५८ मिलिमीटरच्या चाकूला अगदी बरोबर बसतो. तिथून पडलेला मी पाहिला नाही.

लहान घेतला, तर हात दुखतो

टोचण्याला कंटाळून माणूस एकदम सगळ्यात लहान चाकू घेतो आणि मग उलट तक्रार घेऊन येतो. दोन बोटांत धरायचा चाकू युरियाच्या गोणीची शिवण उसवायला ठीक आहे. पण कडक उन्हात घामट हाताने १६ मिलिमीटरच्या नळीचे तुकडे एकामागून एक कापायचे म्हटलं की बोटं आखडतात, कारण पकड तळव्याची नसते, चिमटीची असते. चिमटीत जोर लावला की चाकू निसटतो, आणि अंगठा कापण्याचे प्रकार मोठ्या चाकूपेक्षा अशाच लहान चाकूने जास्त होतात.

मुठीचं माप तळव्यावर बघा. चाकू मुठीत धरल्यावर करंगळी बाहेर राहिली तरी चालेल, पण तीन बोटं पूर्ण बसायला हवीत. पुरुषाच्या मध्यम तळव्याची चार बोटांची रुंदी साधारण आठ ते नऊ सेंटीमीटर असते. म्हणजे हाताला हवं असलेलं माप आणि मांडीला सोसणारं माप जवळपास एकाच ठिकाणी येतं, ९ सेंटीमीटरच्या आसपास. ८४, ९१ आणि ९३ मिलिमीटरचे चाकू इतके चालतात ते याच कारणाने असावं. लहान चाकू घेऊन झालाच असेल तर मागच्या कडीला जाड सुती गोफाची गाठ मारून शेपूट करा, बोटभर लांबीचं. तिसरं आणि चौथं बोट त्या गाठीवर बसतं आणि पकड बरीच सुधारते.

रोजचं काम नेमकं कोणतं?

खरं तर हे आधी विचारायला हवं. मी विचारतो तेव्हा उत्तर येतं, "सगळंच करायचं भाऊ." मग एकेक मोजायला लावतो. गोणीची शिवण, सुतळी, खोक्यावरची चिकटपट्टी, मल्चिंग पेपर, ठिबकची नळी, पेरू, काकडी, बियाण्याचं पाकीट. यातलं एकही काम साडेसहा-सात सेंटीमीटर पात्याच्या बाहेरचं नाही. शेतात जेवताना कांद्याला तर चाकू लागतच नाही, कळण्याच्या भाकरीबरोबरचा कांदा बुक्कीनेच फुटतो.

मोठ्या पात्याची कामं मोजली तर ती निराळ्याच हत्यारांची निघतात. केळीचा घड उतरवायला कोयता. पील, म्हणजे केळीच्या बुडाशी फुटणारे कोंब, काढायला कोयता. पीव्हीसी पाइपला हॅक्सॉ. टरबूज कापायला घरातली सुरी. हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी असते, पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजायची असतात, तेव्हा कांद्याच्या पातीचा ढीग चिरायला खिशातला कुठलाही चाकू अपुराच. घरून विळी न्या. हिवाळ्यातल्या दोन-चार भरीत पार्ट्यांसाठी मोठा चाकू वर्षभर मांडीवर वागवायचा, हा सौदा मला पटत नाही.

अपवाद आहेत. पपई रोज कापून दाखवणारा व्यापारी, रोपवाटिकेत दिवसभर कलमं करणारा माणूस, यांना लांब किंवा खास पातं लागतं. पण त्यांनी ते कमरेच्या चामडी म्यानात ठेवावं, खिशात नाही.

मोठा चाकू आणि पोलीस

हे टोचण्याइतकंच खरं कारण आहे, म्हणून सांगतो. शस्त्र नियम, २०१६ च्या अनुसूचीत तलवारी, खंजीर, भाले यांच्या ओळीत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळलेली आहेत. खिशातला कुठलाही शहाणा चाकू नऊ इंचांच्या आसपासही जात नाही. म्हणून लोक निर्धास्त असतात.

पण आपल्याकडे दुसरी गोष्ट जास्त लागू पडते. सणवार, निवडणुका, मोर्चे आले की जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांत महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ चा शस्त्रबंदी आदेश निघतो, पेपरात बातमी येते. त्या कलमात तलवारी, भाले, बंदुकांबरोबर सुरे आणि काठ्याही आहेत, आणि शारीरिक इजा करता येईल अशी इतर कुठलीही वस्तूही आहे. पात्याला इंचांची सूट तिथे नाही. आदेश लागू असताना तालुक्याला, बाजारात, मिरवणुकीत जाताना चाकू घरी ठेवा, कितीही लहान असो. एरवीही कोर्टात, कलेक्टर कचेरीत जायचं असेल त्या दिवशी खिसा रिकामा करूनच निघा. विमानाने जाणाऱ्यांनी चाकू हातातल्या बॅगेत ठेवायचा नाही, चेक-इनच्या सामानात द्यायचा.

आणि बटण दाबलं की फटकन उघडणारा खटक्याचा चाकू घेऊ नका. शेतकऱ्याच्या खिशातही तो शेतीचं अवजार वाटत नाही, आणि खिशात चुकून बटण दाबलं गेलं तर पुढची तक्रार माझ्याकडे नाही, डॉक्टरकडे घेऊन जावी लागेल.

मापाने बरोबर, पण पावसाळ्यात उघडत नाही

लाकडी मुठीचे चाकू मे महिन्यात लोण्यासारखे उघडतात. मृगाचा पाऊस पडला की लाकूड ओल धरतं, फुगतं आणि पातं खाचेत आवळलं जातं. नखाने ओढत बसू नका, नख उलटतं. मुठीचं मागचं टोक ओट्यावर हलकेच ठोका, पात्याचं टोक थोडं वर येतं, मग चिमटीत धरून उघडा. सावलीत वाळवा, उन्हात ठेवलं तर लाकूड तडकतं. सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. दरवर्षीच आवळत असेल तर खाचेच्या आतल्या बाजूने पॉलिश पेपर दोन-चार वेळा फिरवा, जास्त नको.

केळीच्या चिकाचं निराळं आहे. चीक सांध्यात जाऊन वाळला की चाकू ऋतू न बघता घट्ट होतो, आणि त्यावर खिशातली धूळ आणि कापसाचे तंतू बसतात. लोकांना वाटतं चाकू बिघडला. बागेतून आल्यावर त्याच दिवशी गरम पाणी, साबण आणि जुना टूथब्रश वापरला तर पाच मिनिटांचं काम आहे. साध्या कार्बन पोलादाचं पातं चिकाने आणि लिंबा-कैरीने काळं पडतं, त्यात बिघाड काही नाही. पण घामाने मात्र त्यावर खरा गंज चढतो आणि खिशाच्या अस्तरावर तांबूस डाग उमटतो. उन्हाळाभर घामात वावरणाऱ्याने रोजच्या खिशाला स्टेनलेसच घ्यावा.

आता आधीच्या मोठ्या चाकूचं काय?

टाकू नका, विकूही नका, अर्धी किंमतही येत नाही. ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये पान्यांबरोबर ठेवला तर धार पान्यांना लागून जाते, म्हणून आधी पात्याला जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा. त्याहून बरी जागा म्हणजे विहिरीवरच्या मोटारीची खोली. स्टार्टरच्या पेटीपासून लांब, दाराच्या चौकटीला आतून खिळा ठोका, चाकूला सुतळी बांधून तिथे मिटून टांगा. लहान मुलांचा हात पुरणार नाही एवढा उंच. पाऊस सुरू व्हायच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा तेलाचं बोट फिरवलं की पुरतं.